घामाची फी : कर्मवीर भाऊराव पाटील

परभणीहून जिंतूरकडे जाताना वाटेत बोरी हे गाव लागते. जिंतूर तालुक्यातील या गावासारख्याच मराठवाड्यातील शेकडो गावांमधून दरवर्षी मुले-मुली पदवीच्या शिक्षणासाठी परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा थेट पुणे गाठतात. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी घरून येणारे पैसे आटतात आणि फीचा व खानावळीच्या बिलाचा घोर लागतो. अशा वेळी विद्यापीठाच्या सूचनाफलकावरील एक योजना यांपैकी अनेकांना तारून नेते. दिवसातले काही तास ग्रंथालयात, बागेत, प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात काम करायचे आणि त्या मोबदल्यातून शिक्षणाचा खर्च भागवायचा. योजनेचे नाव ‘कमवा आणि शिका’. हे नाव आता इतके अंगवळणी पडले आहे की, त्यामागे एक माणूस उभा होता आणि त्याने आपले सारे आयुष्य या तीन शब्दांवर उधळून दिले होते, याचा विसर पडावा. पुणे विद्यापीठाने मात्र आपल्या योजनेला त्यांचेच नाव दिले आहे.

कर्मवीर भाऊराव पायगौंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. घराणे जैन, मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील सरकारी नोकरीत कारकून असल्याने बदल्यांच्या निमित्ताने गावे बदलत गेली. मुलगा अंगापिंडाने दणकट, कुस्तीचा शौकीन आणि स्वभावाने बंडखोर होता. अस्पृश्यांना पाणी नाकारणाऱ्या विहिरीवरचा रहाट त्यांनी लहानपणीच मोडून टाकला होता, अशी आठवण त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. अभ्यासात मात्र त्यांची गती बेताचीच होती.

कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात शिकत असताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. १९०८ मध्ये शाहू महाराजांच्या पुढाकाराने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे, असा बोर्डिंगचा दंडक होता. भाऊरावांनी स्नानाला साफ नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंगमधून बाहेर पडावे लागले. बोर्डिंगची व्यवस्था त्या काळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती, हे येथे ध्यानात ठेवावे. कारण या दोघांची गाठ पुन्हा एका वेगळ्याच प्रसंगात पडायची होती. वसतिगृहाचे छप्पर गमावलेल्या या विद्यार्थ्याला शाहू महाराजांचा आश्रय लाभला आणि महाराजांचा कारभार त्याला जवळून पाहता आला. पुढे भाऊरावांनी काढलेल्या पहिल्या मोठ्या वसतिगृहाला याच राजाचे नाव मिळाले.

शिक्षण इंग्रजी सहावीच्या आसपास थांबले. गणित हा विषय आड आला. भाऊरावांना वरच्या वर्गात घालावे म्हणून खुद्द महाराजांनी शब्द टाकला, तेव्हा गणिताच्या शिक्षकांनी, एक वेळ भाऊराव ज्या बाकावर बसतो ते बाक वरच्या वर्गात पाठवीन, पण त्याला नाही, असे सुनावल्याचे सांगतात. दरबाराच्या शब्दाला न जुमानणाऱ्या त्या शिक्षकाचे कौतुकच करायला हवे. भाऊरावांनाही शेवटपर्यंत अशीच ताठ कण्याची माणसे आवडत.

शाळा सुटल्यावर साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. त्यातच कोल्हापुरातील डांबर प्रकरण उद्भवले. ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्यांना १९१४ मध्ये कोणीतरी डांबर फासले आणि संशयाची सुई अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे वळली. लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आणला गेला. ज्या गृहस्थांच्या शिस्तीमुळे आपले विद्यार्थीपण उघड्यावर पडले, त्यांच्यावर सूड उगवण्याची ही आयती संधी होती. पण खोटी साक्ष देण्यास भाऊरावांनी नकार दिला. त्यासाठी त्यांना कोठडी आणि छळ सोसावा लागला.

त्यानंतरची काही वर्षे फिरतीची होती. ओगले काच कारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याच्या निमित्ताने भाऊरावांनी खेड्यापाड्यांत पायपीट केली. ते पट्टीचे विक्रेते होते. लाकडी नांगरावर पिढ्यान्‌पिढ्या विसंबलेल्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर घ्यायला लावणे सोपे काम नव्हते. या भ्रमंतीत त्यांनी एक गोष्ट शेकडो ओसऱ्यांवर पाहिली. शेतकरी नांगराचा भाव घासून घासून ठरवी, परंतु ज्या कागदावर अंगठा उठवी त्यावर काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नसे. मुलगा गुरांमागे आणि मुलगी धाकट्या भावंडांमागे असे. जवळची शाळा चार-पाच कोसांवर आणि पुढचे शिक्षण शहरात. तेथे राहण्याची सोय जातीच्या बोर्डिंगमध्ये झाली तर झाली. गावात शाळा आणि शहरात छप्पर या दोन गोष्टींची तोड काढल्याशिवाय बहुजनांचे शिक्षण पुढे सरकणार नाही, हे त्यांना पुस्तकातून नव्हे तर या फिरतीतून उमगले.

इस्लामपूरच्या शाळेत ज्ञानदेव घोलप नावाचा अस्पृश्य समाजातील मुलगा वर्गाबाहेर बसून शिकत असल्याचे भाऊरावांनी पाहिले. त्यांनी त्याला सरळ आपल्याबरोबर नेले आणि कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात त्याची सोय लावली. हेच घोलप पुढे मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले. एका मुलासाठी उघडलेले दार किती मोठ्या दालनात पोचू शकते, याचा हा पहिला पुरावा भाऊरावांच्या हाती आला.

सत्यशोधक चळवळीच्या वातावरणात, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. महात्मा फुल्यांचा विचार आणि शाहू महाराजांचे उदाहरण या दोन्हींचा आधार तिला होता. संस्थेकडे इमारत नव्हती, ठेव नव्हती, धनिक आश्रयदाता नव्हता. १९२४ मध्ये भाऊरावांनी सातारा हे आपले केंद्र केले आणि तेथे वसतिगृह सुरू केले. पुढे ते धनिणीच्या बागेत स्थिरावले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी, ब्राह्मण अशा सर्व घरांतील मुले एका पंगतीत जेवताना गांधीजींनी तेथे पाहिली. साबरमतीच्या आश्रमातही हे सहजासहजी साधलेले नव्हते.

या पंगतीमागचा संसार लक्ष्मीबाईंनी उचलला होता. भाऊरावांच्या पत्नीचे माहेर आणि सासर दोन्ही सोवळ्याओवळ्याचे कडक. सुरुवातीला त्यांनाही हे सारे पचनी पडणे अवघड गेले असणार. पण वसतिगृहातील मुलांना त्यांनी पोटच्या मुलांप्रमाणे वाढवले. धान्य संपले, वाण्याने उधारी नाकारली, की त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना मोडीत जाई. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा वसतिगृहातील मुले आईविना पोरकी झाली. भाऊरावांच्या चरित्रात लक्ष्मीबाईंसाठी बहुधा एखादाच परिच्छेद दिला जातो. येथेही तो तेवढाच आहे. परंतु संस्थेचे पहिले भांडवल कोणाचे होते, हा प्रश्न निघालाच तर उत्तर या दागिन्यांपाशी येऊन थांबते.

दुसरे भांडवल खेड्यांतील बायकांच्या मुठीतून आले. दळायला बसण्यापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि ते वसतिगृहासाठी द्यायचे, अशी मुष्टिफंडाची रीत भाऊरावांनी घालून दिली. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन धान्य गोळा केले जाई. ज्याच्या घरी मूठभर ज्वारी आहे, तोसुद्धा या संस्थेचा देणगीदार ठरू शकत होता.

तिसरे भांडवल होते विद्यार्थ्यांच्या अंगातील घाम. वसतिगृहात स्वयंपाक, दळण, पाणी भरणे, झाडलोट ही कामे मुलेच करीत. पण १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत व निवासी हायस्कूल सुरू झाले, तेव्हा श्रमाला शिक्षणाच्या योजनेतच स्थान मिळाले. मुलांनी माळरान फोडायचे, बांध घालायचे, भाजीपाला व धान्य पिकवायचे आणि त्यातून आपल्या जेवणाचा व शिक्षणाचा भार उचलायचा. फी घ्यायची नाही, दानही द्यायचे नाही. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद झाले ते याच अर्थाने.

या कल्पनेकडे आज केवळ आर्थिक सोय म्हणून पाहिले जाते. ती सोय होतीच. परंतु भाऊरावांच्या मनात तिच्यापेक्षा मोठा हिशेब होता. आपल्या समाजात कोणी कोणते काम करायचे हे जातीने ठरवून दिलेले होते आणि हाताने काम करणारा खालचा मानला जाई. पाटलाच्या मुलाने झाडू हातात घ्यायचा, महाराच्या मुलाने स्वयंपाक करायचा आणि दोघांनी मिळून खडक फोडायचा, यात त्या उतरंडीलाच हात घातला जात होता. धर्मादाय वसतिगृहात जेवणारा गरीब मुलगा उपकाराखाली वाकलेला असतो. स्वतःच्या कष्टाचे खाणारा मुलगा वाकत नाही. मिस क्लार्क वसतिगृहाहून परतल्यावर स्नान नाकारणाऱ्या आणि त्यापायी बोर्डिंगबाहेर पडलेल्या तरुणाला आश्रिताच्या जिण्याची चव ठाऊक होती. आपल्या मुलांवर तशी वेळ येऊ नये, याचा बंदोबस्त त्यांनी कुदळ-फावड्यात शोधला.

येथे एक शंका रास्त आहे आणि ती त्या काळीही घेतली जात असे. ज्याच्या घरी पुस्तक नाही, शिकवणी नाही, त्या मुलाचे अभ्यासाचे तास कुदळीत खर्च करायचे, मग सुखवस्तू घरातील मुलांशी त्याने स्पर्धा कशी करायची? या शंकेला भाऊरावांपाशी तात्त्विक उत्तर नव्हते. त्यांनी माणसे दाखवली. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर होऊन आले, परत संस्थेच्याच कामात रुजू झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एका बॅरिस्टरवरून सिद्धान्त सिद्ध होत नाही, हे खरे. पण ज्या घरांतून चौथी पास होणारा पहिला मुलगा निघत होता, त्या घरांना या एका नावाने जे धैर्य दिले त्याचे मोजमाप करता येणार नाही.

मुलांच्या श्रमाचा लाभ केवळ त्यांच्यापुरता राहत नव्हता, हेही महत्त्वाचे. १९३५ मध्ये साताऱ्यात संस्थेचे अध्यापक विद्यालय सुरू झाले. वसतिगृहातून शिकलेली, श्रमाला सरावलेली मुले तेथे शिक्षक होऊन बाहेर पडत आणि जेथे सरकारची शाळा पोचलेली नव्हती अशा डोंगरकपारीतील गावांत व्हॉलंटरी शाळा चालवीत. जागा देवळात किंवा चावडीत, पगार तुटपुंजा. समाजाच्या मुठीतून आलेले धान्य खाऊन शिकलेला मुलगा ते देणे शिक्षक होऊन फेडत असे. अशा शाळांची संख्या पाचशेच्या वर गेली. एकीकडे १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले होते, त्यातही सर्व जातींची मुले एकत्र राहत.

देश स्वतंत्र होण्याच्या तोंडावर, जून १९४७ मध्ये, साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. हायस्कुलातील प्रयोग आता पदवीपर्यंत नेण्यात आला. कॉलेज म्हणजे इस्त्रीचे कपडे आणि वडिलांच्या मनीऑर्डरी अशी ज्या काळी धारणा होती, त्या काळी सकाळी शेतात राबून दुपारी शेक्सपिअर आणि अर्थशास्त्र शिकणारी मुले हा थट्टेचा विषय होता. कामाचे तास नोंदले जात आणि त्यांचा मोबदला विद्यार्थ्याच्या खर्चात वळता केला जाई. १९५४ ते १९५७ या काळात या योजनेची धुरा सांभाळणाऱ्या तरुण प्राध्यापकाचे नाव होते एन. डी. पाटील. शेतकरी-कामगारांच्या लढ्यांतील हा पुढचा नेता तेथे घडला, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

याच महाविद्यालयाला मोठी देणगी देण्याची तयारी एकाने दाखवली होती. अट एवढीच की, शिवाजी महाराजांच्या जागी त्याने सुचवलेले नाव लावावे. एक वेळ स्वतःच्या वडिलांचे नाव बदलीन, पण हे नाव बदलणार नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन भाऊरावांनी ती रक्कम परत पाठवली, ही आख्यायिका साताऱ्यात अजून सांगितली जाते.

सरकारशीही त्यांचे फार जमले नाही. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. पण त्याच सुमारास, १९४८ मध्ये, सरकारवर केलेल्या परखड टीकेचे निमित्त होऊन बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात संस्थेचे अनुदान बंद झाले. हजारो मुलांच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिला. भाऊराव माफी मागणाऱ्यांतले नव्हते. टीका मात्र सौम्य करता आली असती असे त्यांच्या काही हितचिंतकांना वाटत होते, आणि ज्यांच्या ताटातली भाकरी त्या शब्दांवर अवलंबून होती त्या मुलांचा विचार केला तर त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. गावोगावच्या लोकांनी वर्गणी गोळा केली. खुद्द गाडगे महाराजांनी खेरांकडे रदबदली केली. अखेरीस अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कराडला संस्थेचे महाविद्यालय निघाले, तेव्हा भाऊरावांनी त्याला सद्‌गुरू गाडगे महाराज यांचे नाव दिले. अक्षरओळख नसलेल्या संताच्या नावाचे कॉलेज, ही त्यांची कृतज्ञता.

साताऱ्यात हे घडत होते त्या काळात बोरीचा मुलगा कोठे होता? परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू आणि विद्यापीठ हैदराबादला. मराठी शाळाच मोजक्या, तेथे पदवीचे नाव कोण काढणार? पोलीस कारवाईनंतर दोन वर्षांत, १९५० मध्ये, औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज सुरू झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. रयतची पद्धत मराठवाड्यातील शिक्षणसंस्थांना परिचित होऊ लागली ती यानंतर. पुढे राज्यातील विद्यापीठांनी एकामागून एक ‘कमवा आणि शिका’ स्वीकारली. दुष्काळी तालुक्यांतील किती मुलांच्या पदव्या त्यावर उभ्या आहेत, हे त्या त्या विद्यापीठाचे ग्रंथपाल आणि उद्यान अधीक्षक सांगू शकतील.

मात्र या प्रवासात योजनेचे रूप पालटले. साताऱ्याच्या निवासी शाळेत काम सर्वांनी करायचे होते, गरीब-श्रीमंत हा भेद तेथे नव्हता. विद्यापीठांतील योजनेत केवळ गरजू विद्यार्थी नाव नोंदवतो आणि वर्गातील मित्र पाहू नयेत म्हणून कधी कधी दूरच्या विभागात काम मागून घेतो. जे श्रम एकेकाळी सर्वांना एका पातळीवर आणण्यासाठी होते, तेच आता गरिबीची खूण ठरू लागले. अलीकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार समाजोपयोगी कामाला अभ्यासक्रमात श्रेयांक मिळू लागले आहेत. ते काम मात्र सर्वांसाठी असते, पण त्याचे श्रेयांक गुणपत्रिकेत जमा होतात. फीच्या पावतीवर त्यांचा परिणाम होत नाही. भाऊरावांनी एकत्र बांधलेली दोन टोके अशी सुटी झाली आहेत.

स्वतःच्या घराला त्यांनी या साऱ्यापासून दूर ठेवले. गांधीजींच्या प्रभावाने अंगावर आलेली जाडीभरडी खादी, वाढलेली पांढरी दाढी आणि हातात काठी, एवढाच त्यांचा थाट होता. सभेत बोलायला उभे राहिले की भाषा रांगडी, कधी शिवराळही. सुशिक्षित श्रोते अवघडून जात, खेडूत मात्र खूश होत.

२६ जानेवारी १९५९ रोजी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब जाहीर केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. पदवी दिली. इंग्रजी सहावीत गणिताने अडवलेला विद्यार्थी वयाच्या ७१ व्या वर्षी डॉक्टर झाला, तेव्हा त्यांची प्रकृती पार ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. संस्थेची तीन महाविद्यालये, शंभरावर माध्यमिक शाळा आणि ३८ वसतिगृहे तेव्हा चालू होती. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ त्या दिवशी अवघ्या साडेआठ महिन्यांचे होते, आणि बोरीच्या मुलाला कुदळ हाती घेऊन पदवी मिळवण्याची वाट अजून सापडायची होती.